सायकलपुलावरची डबी

सायकलपुलावर सायकल सोडून बाकी सगळं चालतं, असं प्रल्हाद चुरी म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अर्नाळ्याच्या वाटेवर खाडी ओलांडायला हा पांढरा, कमानीचा पूल झाला तेव्हा फीत कापायला आलेल्या मंडळींनी फोटोपुरत्या सायकली हाकल्या आणि आपापल्या गाड्यांत बसून ती मार्गाला लागली. मोटारींना पुलावर बंदी. चालणाऱ्यांना एक बाजू, सायकलींना निळ्या रंगाची दुसरी. त्या निळ्या पट्टीवर मग कॉलेजातली जोडपी बसू लागली, वाढदिवसाचे केक कापले जाऊ लागले, आणि एकदा तर कोणीतरी पोतं अंथरून त्यावर सुकट वाळत घातली.

सकाळी मात्र पूल बायकांचा असायचा. प्रल्हादची बायको अनसूया रोज उजाडता उजाडता तिथे चालायला जाई. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. सोबतीला सालोमी असे. सालोमीचं घर चुरींच्या वाडीला लागूनच, मधे फक्त केळीची रांग. दोघी चालायच्या कमी आणि बोलायच्या जास्त, त्यामुळे गुडघे होते तिथेच होते.

त्या दिवशी होळी नुकतीच होऊन गेली होती. पुलाच्या मधोमध सालोमीच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा निसटला. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. जुडगा खाली पडलाच नव्हता. कठड्याच्या खालच्या पट्टीला तो खटकन चिकटून लोंबकळत होता.

"अनसूयाबाय, इकडं बघ गो. हितं कायतरी हाय."

कठड्याच्या मागे, कुणाच्या नजरेला पडू नये अशा बेतानं, काळी टेप गुंडाळलेली एक डबी चिकटवलेली होती. किल्ल्या तिलाच लागल्या होत्या. सालोमीनं डबी ओढून काढली, झाकण उघडलं आणि छातीवर क्रूस केला.

"जेजू! बाळाच्या मनगट्या हायत आत. काळ्या मण्यांच्या. आनि एक भावली, तिच्या पाठीत पिन खुपसलीय. कागदाची सुरळी हाय, त्याच्यावर नावंच नावं."

हे ऐकताच अनसूयानं पाठ फिरवली. तिचं माहेर चांदीपचं. तिथे तिच्या आत्यानं तिला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं, की कुणी कुणावर केलेली करणी दिसली तर डोळ्यांनी बघायची नाही. बघितली की ती आपल्याला ओळखते. पाठमोरं व्हायचं, डाव्या हातात घ्यायची, खांद्यावरून मागे वाहत्या पाण्यात टाकायची, आणि ज्यानं केली त्याची त्याला परत करायची. ते शब्द तोंडानं, मोठ्यानं बोलायचे. मनातल्या मनात बोललेलं पाण्याला ऐकू जात नाही, असं आत्या म्हणे.

"झाकण लाव आणि माझ्या डाव्या हातात दे," अनसूया म्हणाली.

"मी म्हनते असू दे की हितंच."

"असू दे? कुणाचं तरी तान्हं पोर आहे, सालोमी! मनगट्या आहेत त्या!"

तिचा आवाज चढला त्याला कारण होतं. अनसूयाला मूल व्हायला फार वर्षं लागली होती. नवस झाले, औषधं झाली, सासरच्यांचे टोमणे तर दोन्ही वेळच्या जेवणासारखे झाले, आणि मग सिद्धेश झाला. त्यामुळे लहान मुलाच्या वाईटावर कुणी आहे असं नुसतं वाटलं तरी तिच्या अंगाची लाही होई. तिनं डोळे गच्च मिटले, डबी डाव्या हातात घेतली आणि खांद्यावरून मागे भिरकावली. खाली पाण्यात आवाज झाला. ओहोटी लागलेली होती, पाणी समुद्राकडे चाललं होतं.

"ज्यानं ठेवलं त्याचं त्याला," ती म्हणाली. एवढंच म्हणायचं असतं. पण रागाच्या भरात तिच्यानं थांबवेना. "ज्यानं हे ठेवलं त्याच्या आईवर ही वेळ येवो. तिला कळू दे लेकरू म्हणजे काय ते."

मग तिला बरं वाटलं. घरी जाताना तर ती जरा ताठच चालली. कुठल्या तरी अनोळखी बाईचं पोर आपण वाचवलं, असं तिच्या मनात होतं.

प्रल्हादला यातलं अवाक्षर सांगायचं नाही हे दोघींनी न बोलताच ठरवलं. त्याला सांगून उपयोग नव्हता. तिठ्यावर उतरून टाकलेला नारळ घरी आणून त्याची चटणी वाटायला सांगणारा हा माणूस! अनसूया ती चटणी वाटायची नाही, म्हणून तो स्वतः वाटायचा आणि भाकरीशी मिटक्या मारत खायचा. अमावास्येला रस्त्यात पडलेली लिंबं उचलून त्यानं सरबत केलेलं होतं. गावात कुणाच्या अंगात आलं की बायका त्याला वाटेतच अडवायच्या, कारण हा पुढे बसून अंगात आलेल्या देवालाच प्रश्न विचारी. कुठल्याही गोष्टीला कारण असतं, आणि ते बोटावर मोजून दाखवता आलं पाहिजे, हे त्याचं शास्त्र. हे झालं म्हणून ते झालं, ते झालं म्हणून पुढचं झालं. डबी त्याच्या हाती लागली असती तर त्यानं ती धुऊन पुसून तंबाखूला वापरली असती.

वैशाखात सिद्धेश गेला. तो पुण्यात नोकरीला होता, महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी घरी यायचा. त्या आठवड्यात यायचं नव्हतं, पण शुक्रवारी फोन आला, उद्या येतो. अनसूयानं हौसेनं केळफूल सोलायला घेतलं. दुसऱ्या दिवशी हायवेवर, घर तासाभरावर राहिलेलं असताना, टँकरनं त्याच्या मोटारसायकलला मागून उडवलं. सोललेलं केळफूल परातीत काळं पडलं, आणि ते कुणी फेकलं हे अनसूयाला आजही आठवत नाही.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ते गेलेच नाहीत. प्रल्हादनं वाडीत जाणं सोडलं. सोनचाफा झाडावरच फुलून सुकायचा. ज्या माणसाला कधी दुपारी आडवं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, आणि हाक मारली तर "हं" एवढंच म्हणायचा. अनसूया दोन माणसांचा स्वयंपाक करायची आणि दोन माणसांचा टाकायची.

गणपती होऊन गेल्यावर ओवी आली. ओवी चंदनसारला राहायची. आईवडील दोघंही मुंबईला नोकरीला, स्वतःही नोकरीला. तिचं आणि सिद्धेशचं जमलेलं होतं, घरच्यांनाही माहीत होतं, बोलणी तेवढी राहिली होती. ती आली, प्रल्हादच्या खाटेजवळ खुर्चीवर बसली, आणि बराच वेळ फोन हातात फिरवत राहिली. अनसूया चहा टाकायला आत गेली.

"काका, सिद्धूचा एक गेम होता," ओवी म्हणाली. "जिओकॅशिंग म्हणतात. जगभर लोक खेळतात. एक छोटी डबी कुठेतरी लपवायची आणि तिची जागा अ‍ॅपवर टाकायची. मग कोणी पण अनोळखी माणूस येऊन शोधतो. सापडली की आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं, एखादी वस्तू ठेवायची, परत तिथेच लपवायची. कोणाला कळता कामा नये, तीच तर मजा. आपल्या सायकलपुलावर त्यानं एक लपवली होती. थंडीत आलेला ना, तेव्हा. मी होते सोबत."

प्रल्हादनं "हं" म्हटलं नाही. त्यानं कूस बदलली.

"डबी? कसली डबी?"

"छोटीशी, मॅग्नेटवाली. वरून काळी टेप. अ‍ॅपवाल्यांचा मेल आलाय, ओनरनं काही रिप्लाय नाही दिला तर ते बंद करतात. म्हणून म्हटलं तुम्हाला सांगावं. कारण पहिली वस्तू आपल्या जवळची पाहिजे म्हणून त्यानं आत त्याच्या लहानपणीच्या मनगट्या ठेवल्या होत्या. इथूनच, कपाटातून घेतलेल्या. मी एक माझी बाहुली ठेवली, पिनवाली, ब्रोच असतो तसा."

अनसूया दारात चहाचे कप घेऊन उभी होती. कप पडले वगैरे काही झालं नाही. तिनं ते व्यवस्थित स्टुलावर ठेवले, ओवीच्या कपात साखर कमी आहे का हेसुद्धा विचारलं. मग ती आतल्या खोलीत गेली, कपाट उघडलं आणि सिद्धेशच्या झबल्यांखाली हात घातला. मनगट्या नव्हत्या. किती महिने नव्हत्या, आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. ती तिथेच जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून घेतला.

बाहेर प्रल्हाद उठून बसला होता. "मिळेल ती?" तो विचारत होता.

"मी दोनदा बघून आले, मला नाही मिळाली," ओवी म्हणाली. "पण तिथे एवढं लोखंड आहे ना, फोनची दिशा नीट दाखवतच नाही. असेल पण."

असेल पण. या दोन शब्दांवर प्रल्हाद चुरीनं खाट सोडली. ओवीनं त्याच्या फोनवर ते सगळं घालून दिलं, बाण कसा बघायचा ते शिकवलं, आणि दोघं अंगणात उभी राहून बराच वेळ बोलत होती. दुसऱ्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी पुलावर जाऊ लागला. कठडे चाचपायचा, कमानीच्या बोल्टांमागे बोटं घालायचा, निळ्या पट्टीवर पालथा पडून खाली हात फिरवायचा. बाण कधी या टोकाला तर कधी त्या टोकाला. फोटो काढणारी पोरं हसायची. तो त्यांनाही सांगायचा, काळी डबी दिसली तर हात लावू नका, मला हाक मारा.

आणि घरात तो जेवू लागला. वाडीत जाऊन आला, चाफ्याला पाणी सोडलं, कामाच्या बाईवर ओरडला. "उद्या पलीकडची बाजू घेतो," असं झोपताना म्हणायचा. "पोरानं लपवलीय म्हणजे अशी सहजी मिळणार नाही. लहानपणी चप्पल लपवायचा माझी, आठवतं?" अनसूयाला आठवत होतं. तिला सगळंच आठवत होतं, तीच तर अडचण होती. झोपली की तिला पाण्यातला तो आवाज ऐकू यायचा आणि पाठोपाठ स्वतःचा. त्याच्या आईवर ही वेळ येवो. इतकं स्पष्ट मागणं तिनं कुठल्या देवापुढेही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तसं मिळालं होतं.

शेवटी ती सालोमीकडे गेली. सालोमीनं सगळं ऐकून घेतलं.

"मी दिली तुझ्या हातात," सालोमी म्हणाली. "मी पन हाय यात."

"तू काही बोलली नव्हतीस. बोलले मी."

"आमच्यात फादरकडं जाऊन सांगता येतं गो. तो ऐकतो, देवाच्या नावानं माफ करतो, मानूस घरी येऊन जेवतो. तुमी कोनाला सांगनार?"

अनसूयानं यावर विचार केला. देवाला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याला माहीत होतं, नाहीतर त्यानं ऐकलं कसं? चांदीपची आत्या कधीच वारली होती आणि असती तरी ती काय म्हणाली असती हे अनसूयाला पक्कं ठाऊक होतं. राहता राहिला एकच माणूस. उताऱ्याच्या नारळाची चटणी खाणारा. सगळ्या पंचक्रोशीत तोच एक असा होता की जो हे ऐकून म्हणेल, वेडी आहेस, शब्दांनी काही होत नाही. इतकी वर्षं त्याच्या या बोलण्याचा तिला वैताग यायचा. आता तेवढंच तिला हवं होतं. तो एकदा तिच्यावर हसला, पूर्वी हसायचा तसा, तर ती जगेल. नाही हसला तर काय, हा विचार तिनं केला नाही. नवरा डबी शोधायचं थांबवेल, पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, हेही तिला दिसत होतं. तरी तिला सांगायचंच होतं. ओझं उचलणाराच नसला तर माणूस ते ज्याच्या अंगावर टाकू नये त्याच्या अंगावर टाकतो.

संध्याकाळी ती त्याच्या मागोमाग पुलावर गेली. प्रल्हाद मधल्या कठड्याशी बसला होता, शर्टाला गंज लागलेला, फोन मांडीवर. तिला बघून त्याला नवल वाटलं. ती सिद्धेश गेल्यापासून पुलावर आली नव्हती.

"बरं झालं आलीस. इथे जरा उजेड धर, माझा हात जात नाही तिथे तुझा जाईल."

"डबी नाही तिथे," अनसूया म्हणाली. "मी टाकली ती."

तिनं सांगितलं. सालोमीच्या किल्ल्यांपासून सांगितलं, मनगट्या, पिन लावलेली बाहुली, नावं, चांदीपची आत्या, डावा हात. ती भराभरा बोलत होती, मधे थांबले तर पुढचं तोंडातून निघणार नाही या भीतीनं. प्रल्हाद ऐकत होता. डबी पाण्यात गेली हे कळलं तेव्हा त्यानं एकदा खाली खाडीकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला. एवढंच. मग ती शब्दांपाशी आली, आणि तेही तिनं सांगितले, जसेच्या तसे.

"मीच मागितलं हो. माझ्या तोंडानं मागितलं."

मग त्यानं हात लांब करून तिला खेचून शेजारी बसवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या हाताला लोखंडाचा वास येत होता.

"वेडी आहेस," तो म्हणाला.

अनसूया रडू लागली. हेच ऐकायला ती आली होती.

"इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून हे शिकलीस? शब्दांनी माणूस मरत असता तर मी कधीच मेलो असतो. निम्म्या गावानं मला शिव्याशाप दिलेत. त्या भगताच्या बायकोनं तर दारात येऊन दिले, तू होतीस ना?" तो खरंच थोडासा हसला. आवाजात जुना प्रल्हाद आला होता, समजावून सांगणारा, समोरच्याला पटेपर्यंत न सोडणारा. "डबी गेली तर गेली. वाईट वाटलं, पण तुला काय माहीत होतं? मनगट्या बघून कुठल्याही बाईला तसंच वाटलं असतं. तू एका लेकराचं भलं करायला गेलीस. त्याचा आणि सिद्धूच्या जाण्याचा काडीचा संबंध नाही."

"नाही ना?"

"नाही. अगं, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. ते बघावं माणसानं." त्यानं डाव्या हाताचा अंगठा धरला. "टँकरवाला डुलकी घेत होता, पोलिसांनीच सांगितलं. हे एक." मग त्यानं पहिलं बोट धरलं. "रस्त्याचं काम चाललेलं, बाजूला सरकायला जागा नव्हती. हे दोन. आता म्हणशील, तो त्या दिवशी रस्त्यावर का होता? त्यालाही कारण आहे, शाप नाही. त्याचा यायचा शनिवार नव्हता, एरवी तो पुण्यातच राहिला असता. ओवीनं मला अंगणात सांगितलं ना. दोघातिघांनी अ‍ॅपवर लिहिलं होतं की डबी सापडत नाही, म्हणून तो बघायला..."

मधलं बोट त्यानं धरलेलं होतं. ते तसंच धरून तो थांबला.

निळ्या पट्टीवरून एक माणूस सायकल हातात धरून चालत गेला. खाली भरतीचं पाणी खांबांना लागत होतं. अनसूयाचं रडणं आपोआप बंद झालं होतं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. हे त्याला आत्ता, बोलता बोलता, तिच्याबरोबरच कळलं होतं.

"पुढे?" तिनं विचारलं.

"चल, घरी जाऊ. काळोख पडतोय."

"डबी सापडत नाही म्हणून तो निघाला," अनसूयानं त्याचं वाक्य पुरं केलं. "आणि सापडत नव्हती, कारण ती मी टाकली."

त्यानं नाही म्हणावं म्हणून ती थांबली. खोटं का होईना, एकदा म्हणावं. प्रल्हादनं बोट सोडलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि कठड्याकडे बघत राहिला. तो नाही म्हणाला नाही.